वेलांटीचं शेपूट

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर, चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर, आमचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकाचं. मी तिथं नोकरीला. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटी यायच्या, त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, नको ते कापायचं, गाणी भरायची आणि सुरुवातीला नवरा-नवरीची नावं गरगर फिरवायची, की झालं मिक्सिंग. मला घेतलं होतं ते मराठी टायपिंग येत होतं म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ न चुकता पत्रिका टाइप करणाऱ्या मुलींची तेव्हा ब्रह्मपुरीत वानवा होती, आणि मी त्याचा पुरेपूर भाव खाल्ला.

एकदा मालकांनी नागपूरहून एक सीडी आणली. तिच्यात अक्षरं हलवायचं सॉफ्टवेअर होतं. बटणं सगळी इंग्रजीत आणि शिकवणारं कोणी नाही. मालकांनी थोडी खटपट केली, कॉम्प्युटरला दोन शिव्या दिल्या आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. मला ते हळूहळू जमलं. नाव टाइप केलं की त्याच्यावर एक जाळी पडायची. जाळीचा कोपरा माउसनं धरून ओढला, की अक्षर मळलेल्या कणकेसारखं ताणलं जायचं. आपण फक्त सुरुवातीचं नाव आणि शेवटचा आकार द्यायचा. मधली सगळी चाल कॉम्प्युटर स्वतःच भरून काढायचा. ते मधलं पाहताना मला नेहमी कसंतरीच व्हायचं. तेव्हा ते नाव वाचताही यायचं, आणि ते आपल्याकडं बघायलाही लागलेलं असायचं.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांचा प्राणी करायचा तर आधी त्यांना एकत्र आणावं लागतं. आपल्या अक्षरांना मुळातच वरून शिरोरेघ. ती वाकवली की पाठीचा कणा तयार. कान्याचे पाय करायचे, अनुस्वाराचा डोळा करायचा. आणि तेव्हाच्या मराठी फॉन्टात वेलांटी वेगळी टाइप व्हायची, अक्षराला नुसती चिकटवल्यासारखी. ती सुटी काढून मागं लावली की शेपूट. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि याचा मला भलताच गर्व होता.

पहिला मी मासा केला. तलावावर मासे धरणाऱ्या एका घरचं लग्न होतं. नवरीचं नाव सळकन वळून मासा झालं आणि पाण्यात गेलं, थोडं पोहलं, परत वर येऊन नाव झालं. त्या घरच्या बाया दुकानाच्या जिन्यावर दाटीवाटीनं बसून ते पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग काय, जो येईल तो प्राणीच मागू लागला. कोणाला मोर, कोणाला ससा. मार्कंड्याच्या देवळाकडच्या एका पार्टीला नंदी हवा होता, तोही करून दिला. शेवटी प्राण्याचं परत नाव व्हायचं, हे मात्र मी सगळ्यांना ठेवलं होतं. लोकांना ते नाव परत आलेलं आवडायचं.

वाघ कोणी मागितला नाही. मागणारही नव्हतं.

आमचं गाव नागभीडकडचं. धानाच्या शेवटच्या बांधापलीकडं लगेच जंगल. तिथं गेल्यावर वाघाला वाघ म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो'. आणि त्यानं माणूस मारला तर मारला असं कोणी बोलत नसे. 'वाघात गेला' म्हणायचे. जुनी माणसं त्याचा अर्थ सांगायची तो असा, की देह आपण जाळतो, पण माणसाचं नाव त्या जनावराच्या आत राहतं. मग तो माणूस त्याच्याबरोबर हिंडतो आणि ओळखीच्यांना झुडपातून नावानं हाक मारतो. म्हणून जंगलात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरी येऊ द्यायची. जिथं कोणी गेलेलं असेल तिथं वाटेवर दगडांचा ढीग असायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात आपला एक दगड टाकायचा.

माझे बाबा टाकत नसत. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली, आणि बाबांना असल्या गोष्टींचा मनापासून तिटकारा. दगड टाकायला थांबलेल्या लोकांना ते भर वाटेत सुनवायचे, "माह्या बापानं तेहतीस कोटी सोडले. तुमाले एक वाघ सोडवत नाई?" लोक हसायचे आणि दगड टाकायचे. आई त्यांच्यामागून चालायची. ती वाकून पायातला काटा काढायची आणि त्या निमित्तानं खडा टाकायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दादा माझा मोठा भाऊ. नागभीडला राइस मिलमध्ये कामाला होता. त्याला कशाचीच भीती वाटत नसे, त्यामुळं घरातली सगळी भीती आईच्या वाट्याला आलेली. त्याचं लग्न ठरलं, मुलगी वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीच्या बाजूची. होळीच्या आधी लग्न झालं, विहारासमोर, पांढऱ्या कपड्यांत. शूटिंग आमच्याच दुकानाचं. मिक्सिंग मी करणार हे सांगायलाच नको. मी दादाला दुकानात बोलावून माझे सगळे प्राणी दाखवले आणि चिडवायला म्हणून सशाजवळ थांबले.

"सशात नोको टाकू मले," तो म्हणाला. "वाघ कर."

मी बरीच मेहनत घेतली. त्याच्या नावात तीन अक्षरं, पहिल्याचं पोट मोकळं, शेवटी वेलांटी. पहिल्या अक्षराचा जबडा केला. अक्षरांच्या जाड रेघांचेच पट्टे केले, म्हणजे प्राणी पुरता झाल्यावरही नीट पाहिलं तर पट्ट्यांत नाव वाचता येत होतं. वेलांटी आधी हळूच हलायची, मग झपकन वर जायची. पडद्याच्या एका बाजूला तो होता आणि दुसरी बाजू मोकळी दिसत होती, म्हणून मी तिकडं वहिनीचं नाव ठेवलं आणि त्याचं तोंड तिकडं वळवलं. तो चालत यायचा आणि तिच्या नावाशेजारी बसायचा. तो बसलेला इतका झोकात दिसत होता, की त्याचं परत नाव करायचं मी ठेवलं नाही. मालकांनी ते एकदा पाहिलं, चांगलं झालं म्हणाले, आणि दुसऱ्या पार्टीला दाखवू नको असंही म्हणाले. मला वाटलं, माझी कला बाहेर जायला नको म्हणून सांगतात.

सीडी आम्ही अंगणात लावली. संध्याकाळी, जेवणाच्या आधी, शेजारच्यांचा टीव्ही बाहेर आणून. अर्धं गाव आलेलं. दादाचं नाव आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिरोरेघ वाकली. पट्टे उमटले. वेलांटी हलायला लागली तशा शिट्ट्या थांबल्या. तो चालत आला आणि वहिनीच्या नावाशेजारी बसला, आणि अंगणात नुसतं गाण्याचं म्युझिक वाजत राहिलं. पुढच्या रांगेतली शेजारची म्हातारी जमिनीला हात टेकून उठली. कोणाशी भांडावं तसं नाही, साधं कोणाला निरोप सांगावा तसं आईला म्हणाली, "बाई, नाव वाघात गेलं." आणि नातवंडांना घेऊन निघून गेली.

बाकीचे बसले. सीडी संपली तसे उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आईनं दादाला त्याच्या नावानं हाक मारणं बंद केलं. तिचं म्हणणं सरळ होतं. ते नाव आता जनावराला कळलेलं आहे. त्या नावानं तो कधीही हाक मारील आणि दादा ओ देईल. तेव्हा दादाला दुसरं नाव पाहिजे. तिनं एक नाव काढलं, गावाला सांगितलं, आणि नवल म्हणजे गावानं ते निमूट मानलं. एरवी कुणाच्या बारशाला पाच घरी पाच मतं असतात. बाबांचा संताप झाला. ते अंगणात उभं राहून मुद्दाम मोठ्यानं दादाला जुन्याच नावानं बोलवायचे. आई दर वेळी दचकायची आणि कुंपणाकडं बघायची. दादा हसायचा. कोणीही कोणत्याही नावानं बोलवा, भाकर तेवढी देत जा म्हणायचा. पण नव्या नावाची त्याला सवय होईना. हाक मारली की तो दुसरीकडंच बघत राहायचा, मग एकदम लक्षात आल्यासारखं 'हो हो' करायचा.

मला हे सगळं फार झोंबलं. मी ब्रह्मपुरीला जाऊन कॉम्प्युटर शिकले, आणि माझ्या इतक्या दिवसांच्या कामाचं घरी हे झालं. मी आईशी अबोला धरला. तरी रोज काळी-पिवळी जीपमधून गावाच्या फाट्यावर उतरले की पहिला विचार तोच यायचा, दादा घरी आला असेल ना. आणि तो विचार आला म्हणून मी स्वतःवरच चिडायची.

वहिनी मात्र काही बोलत नव्हती. नवी नवरी, बोलून बोलणार किती. तिचा सख्खा मामा असाच वाघात गेलेला, हे आम्हाला, सीडीचं ऐकून तिच्या माहेरून निरोप आला, तेव्हा कळलं. एका दुपारी चुलीजवळ तिनं मला विचारलं, त्या वाघाचं परत नाव होते का म्हणून. मी म्हटलं, नाही, मी केलं नाही. ती जाळ सारखा करत राहिली. मग तिनं विचारलं, करता येते का. मी म्हटलं, त्यात काय, उद्या करते.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ती चाल उलटी लावली. तो उठला, मागं मागं चालत गेला, पट्टे विरले, शिरोरेघ सरळ झाली, वेलांटी आपल्या जागी जाऊन चिकटली. नवी सीडी घरी आणून वहिनीला दाखवली. तिनं ती जवळून, पडद्याला नाक लावून पाहिली. मला वाटलं आता हसेल.

"परत आलं," ती म्हणाली. "पन तेच आलं काय, बाई?"

मी चिडून टीव्ही बंद केला. पण त्यानंतर दादाचं नाव कुठं लिहिलेलं दिसलं की मलाही त्यात आधी पाठीचा कणा दिसायचा.

एका गोष्टीची मात्र वहिनीला मजा वाटत होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, ते एरवी तिनं जन्मात घेतलं नसतं. पण हे नवं नाव काही त्याचं खरं नव्हतं. ते ती घ्यायची. आधी चाचरत, मग सरळ अंगणातून हाक. आमच्या गावात नवऱ्याला अशी हाक मारणारी ती एकटीच बाई असेल. दादा तिसऱ्या हाकेला भानावर यायचा आणि ती पदर तोंडावर घेऊन हसायची. त्या दिवसांत आमच्या घरात जे काही हसणं झालं ते एवढंच.

होळी झाली आणि मोह गळायला लागला. मोहाच्या दिवसांत आमच्याकडं कोणी घरी राहत नाही. फुलं पहाटेपासून पडतात आणि दिसायला लागल्या लागल्या वेचावी लागतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी करून ठेवलेली असते, तिच्यावर ती फिकट फुलं उठून दिसतात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. नाल्याच्या बाजूला जनावर फिरून राह्यलं, अशी बोलवा होती. तलावाकडं कोणाचा तरी गोऱ्हा मारला होता. आईनं दादाला जाऊ नको म्हणून सांगून पाहिलं. तो मिलमधून सुट्टी काढून आला होता, ऐकणार थोडाच. मग वहिनी म्हणाली की मीही जाते. माझी रविवारची सुट्टी, मीही निघाले. बाबा त्यांच्या झाडाखाली, थोडे दूर. आई घरी थांबली.

उजाडलं तेव्हा आम्ही तिघं एका झाडाखाली वेचत होतो. मोह वेचताना माणूस ओणवा असतो, त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. मला समोर फुलं आणि वहिनीच्या बांगड्यांचे हात तेवढे दिसत होते. टोपली अर्धी झाली तेव्हा मी कंबर सरळ केली, तर दादा नव्हता.

वहिनीनं त्याला हाक मारली. नव्या नावानं. उत्तर नाही. पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, म्हणून आम्ही थांबलो. तिनं पुन्हा हाक मारली. मग नाल्याकडच्या झाडावरचं वानर खाकरलं. वानर तसं खाकरतं तेव्हा त्याला खाली काय दिसलेलं असतं, ते आमच्याकडं रांगतं पोरही सांगेल. मी दादाचं खरं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि वहिनीनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना फुलांचा चिकटा होता.

"ते नाव नोका घेऊ इथी," ती म्हणाली.

आणि ती स्वतः नाल्याकडं निघाली. नव्या नावानं हाका मारत, मोठ्यानं, न थांबता. दादा तिकडंच असेल आणि वानर त्याच्यामुळंच खाकरलं असेल असं तिला वाटलं, की तिकडं जनावर आणि दादा दोघंही आहेत म्हणून आपण मधे जावं असं वाटलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी तिच्यामागं गेले नाही. करवंदीच्या जाळीपलीकडं तिचा पदर दिसेनासा झाला, हाका मात्र येत होत्या.

तेवढ्यात बाबांनी त्यांच्या झाडाखालून दादाला हाक मारली. खऱ्या नावानं, पूर्ण गळा ताणून, एकदाच. आणि लगेच ओ आली. नाल्याकडून नाही, उलट्या बाजूनं, वरच्या टेकाडावरून. दादा तिथं टेंभराच्या झाडावर चढला होता. वहिनीला टेंभरं आवडतात म्हणून दुपट्ट्यात टेंभरं गोळा करत होता. तो उतरून धावत आला, बाबाही आले, मी त्याला दोन्ही हातांनी बडवत रडत होते आणि बाबा ओरडत होते, की सांगून जायला काय झालं होतं. तो सापडला होता, एवढंच आमच्या डोक्यात होतं. त्या गोंधळात नाल्याकडच्या हाका थांबल्या आहेत, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा ते दादाच्या लक्षात आलं. त्यानं विचारलं, ती कुठी आहे.

ती दुपारी सापडली, जंगलखात्याचे लोक आल्यावर. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

नंतर गावानं सगळं जुळवून घेतलं. सीडीत त्याचं तोंड कोणाकडं होतं, आठवा, असं बाया एकमेकींना सांगायच्या. तो चालत येऊन कोणाच्या नावाशेजारी बसला होता, आठवा. पडद्याची ती बाजू मोकळी दिसत होती, म्हणून मी तोंड तिकडं वळवलं, हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं आणि आजही सांगते. अक्षरांना दात नसतात. त्या नाल्यात त्या दिवशी जनावर होतं, आणि एक बाई एकटी तिकडं गेली. पण दुकानात परतल्यावर मी ती फाइल काढून टाकायला गेले, तर फाइलला नाव दादाचंच दिलेलं. हे कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं त्याचं नाव लिहून विचारलं. मला होय म्हणता आलं नाही. वर्षाच्या आत मी ती नोकरी सोडली. फाइल तिथंच राहिली असेल.

नाल्याच्या वाटेवर आता दगडांचा नवा ढीग आहे. बाबा तिथून जाताना थांबतात, दगड ठेवतात आणि पुढं चालू लागतात. त्याबद्दल कोणी त्यांची थट्टा करत नाही.

दादा त्या पावसाळ्यात मिलमध्ये गेलाच नाही. घरी असायचा, सांगितलेलं काम करायचा, बोलत नसे. आई पुन्हा त्याला जुन्या नावानं बोलवायला लागली होती, पण तो मान वर करत नसे. आम्हाला वाटलं, बहिरा झाला की काय. एका सकाळी तो अंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासत बसला होता आणि मी शेजारी तांदूळ निवडत होते. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून, दांड्याकडं बघतच बोलला.

"मी आयकली होती तिची हाक. झाडावरून चांगली आयकू येत होती, कितीतरी डाव." त्यानं दांड्यावरचा भुसा फुंकून उडवला. "मले वाटलं, दुसऱ्याच कोनाले बलावून राह्यली."